खांब क्रमांक तीन

पूल व साकव खात्याचे मंत्री दिगंबर झाल्टे मंगळवारी दुपारी बारा वाजून सात मिनिटांनी भर सभागृहात म्हणाले, "होय, हे खरे आहे." या चार शब्दांची मी सोळा वर्षं वाट पाहत होते. ते ऐकून मी खाली बसले, समोरचं पाणी प्यायले आणि मग शेजारच्या सदस्यांचंही प्यायले.

असं काहीही झालेलं नाही.

बारा वाजून नऊ मिनिटांनी अध्यक्षांनी ते शब्द कामकाजातून काढून टाकले. कामकाजातून जे काढलं जातं ते कुणी बोललेलं नसतं, कुणी ऐकलेलं नसतं, आणि छापलं तर हक्कभंग होतो. त्यामुळे वरचा परिच्छेद तुम्ही वाचलेला नाही आणि मी लिहिलेला नाही. पाणी मात्र मी प्यायले. ते कामकाजाचा भाग नव्हतं.

आता पहिल्यापासून सांगते.

माझं नाव क्षितिजा महाले. वय तेहतीस, विरोधी पक्षाची आमदार, पहिलीच टर्म. त्याआधी तालुक्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. माणसं राजकारणात लोकसेवेसाठी येतात म्हणे. मी सूड घ्यायला आले. जाहीरनाम्यात तसं लिहिता येत नाही, म्हणून पाणी आणि रस्ते लिहिलं.

सूड तिसगव्हाणच्या पुलाचा. सोळा वर्षांपूर्वी, म्हणजे २०२८ साली, उद्घाटनाला चार दिवस उरलेले असताना या कोऱ्या करकरीत पुलाचा मधला गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, वाकी नदीत बसला. जीवितहानी एक म्हैस. म्हशीच्या मालकाला तीन आठवड्यांत भरपाई मिळाली. पुलाचे उपअभियंता काशिनाथ महाले, म्हणजे माझे आप्पा, यांना तीन दिवसांत निलंबन मिळालं. सरकार हळू चालतं असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

पुलाच्या कामात एक रीत असते. खांबात काँक्रीट ओतण्याआधी उपअभियंत्याने आतल्या लोखंडी सळया मोजायच्या आणि मोजमाप पुस्तकात सही करायची. एकदा ओतलं की आत काय आहे ते देवालाच दिसतं, आणि देवाला साक्षीला बोलावता येत नाही. चौकशीत खात्याने सांगितलं की सळई नियमाप्रमाणे होती, दोष देखरेखीचा होता, आणि मोजमाप पुस्तक महाल्यांनी हरवलं. पडलेल्या गाळ्याचा राडारोडा दोन दिवसांत उचलला गेला आणि कुठल्याशा रस्त्याच्या भरावात गडप झाला. उरलेले खांब तेवढे नदीत उभे राहिले.

आप्पांनी घरी तीन वाक्यं सांगितली. "सळई नव्हती. मी सही केली नाही. पुस्तक झाल्ट्याच्या माणसांनी पळवलं."

झाल्टे तेव्हा राज्यमंत्री होते. त्याआधी दोन वर्षं ते आमच्या ओट्यावर बसून आईच्या हातचे डुबुकवडे खायचे आणि मला म्हणायचे, "बेटा, बापासारखी इंजिनिअर हो." पूल पडल्यावर सभागृहात म्हणाले, "उपअभियंता महाले यांच्या निष्काळजीपणामुळे ही दुर्घटना घडली." ते वाक्य कुणी काढून टाकलं नाही. ते छापलं गेलं, बांधलं गेलं, आणि विधिमंडळाच्या ग्रंथालयात आहे, पान दोनशे चौदा. शेजारणींनी आईला हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. पुलापेक्षा तिला ते जास्त लागलं. चार वर्षांनी ती गेली.

मी आमदार झाल्यावर पहिल्या दिवशी शपथ घेतली आणि दुसऱ्या दिवशी पान दोनशे चौदा वाचून आले. पानाला कुणीतरी चहाचा कप टेकवला होता. डाग बरोबर 'महाले' वर होता.

मंत्र्याला खरं बोलायला लावायचं आमच्याकडे एक साधन आहे, तारांकित प्रश्न. त्याची भाषा ठरलेली असते. अमुक घडले, हे खरे आहे काय? असल्यास, कोण जबाबदार आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तरंही ठरलेली. 'हे खरे नाही.' 'अंशतः खरे आहे.' आणि सगळ्यांचं लाडकं, 'प्रश्न उद्भवत नाही.' झाल्टे आता पूर्ण मंत्री झाले होते. तिसगव्हाणच्या खांबांत सळई नव्हती, हे खरे आहे काय, असं मी त्यांना दोन वर्षांत अकरा वेळा विचारलं. अकरा वेळा सळई होती. अकरा वेळा पुढचे प्रश्न उद्भवले नाहीत.

मग मला लोकलेखा समिती मिळाली. सरकारने खर्च केलेला पैसा खरोखर कुठे गेला हे तपासणारी ही समिती, आणि रिवाजाप्रमाणे तिचं प्रमुखपद विरोधी पक्षाकडे असतं. आमच्या पक्षातल्या ज्येष्ठांना ठाऊक होतं की या पदाला गाडी लहान मिळते, म्हणून ते माझ्याकडे आलं. समिती सचिवांना साक्षीला बोलावू शकते, कागद मागवू शकते, जागेवर जाऊन पाहू शकते. मंत्र्याला बोलावू शकत नाही. आणि खांब फोडू शकत नाही. खांब फोडायला खात्याची परवानगी लागते, आणि खातं झाल्ट्यांचं.

तेव्हा खांब न फोडता आत पाहायचं होतं. इथे आकाश कामाला आलं.

हे शिकवायला मला नेहमी आवडायचं. दूरच्या ताऱ्यांकडून निघालेले वेगवान कण आपल्या वातावरणावर सतत आदळत असतात. पंधरा-एक किलोमीटर उंचीवर त्या टकरींतून म्युऑन नावाचे कण तयार होतात आणि खाली बरसतात. तळहात आडवा धरा, दर सेकंदाला एक-दोन म्युऑन त्यातून आरपार जातात. कळत नाही, दुखत नाही. त्यांचं आयुष्य दोन मायक्रोसेकंदांचं. हिशेबाने सातशे मीटरही यायला नकोत. पण प्रकाशाच्या जवळपास वेगाने पळणाऱ्याचं घड्याळ आपल्या मानाने हळू चालतं, म्हणून ते जमिनीपर्यंत पोचतात. माझ्या पहिल्या प्रश्नाला खात्याच्या चौथ्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर यायला अकरा महिने लागले होते. तिथे घड्याळ कशामुळे हळू चालतं, हे विज्ञानाला अजून समजलेलं नाही.

म्युऑन काँक्रीटमधूनही जातो, पण जाताना थोडा वळतो. लोखंडातून गेला तर जास्त वळतो. खांबाच्या एका अंगाला वर आणि दुसऱ्या अंगाला खाली खास प्लास्टिकच्या पट्ट्या लावल्या, की कण शिरताना कुठल्या दिशेने होता आणि निघताना कुठल्या, ते कळतं. असे लाखो कण जमले की आतल्या लोखंडाचं चित्र उमटतं. पूर्वी या यंत्राला प्रयोगशाळा लागायची. २०४४ साली आमच्या विद्यापीठातल्या डॉ. फरहीन तांबोळी ते वॉशिंग मशीनच्या किमतीत बनवत होत्या. पट्टी पाटाएवढी. चित्रात कडीकुलूपसुद्धा दिसतं.

समितीचा पाहणी दौरा तिसगव्हाणला गेला. समितीच्या दौऱ्यात पाहणी अर्धा तास असते आणि जेवण दोन तास. सत्ताधारी पक्षाचे सदस्य हिलाल आबा सैंदाणे, वय एकाहत्तर, फक्त दुसऱ्या भागासाठी यायचे आणि तसं सांगायचे.

"ताई, ते आकाशातलं तुमचं येऊ द्या सावकाश," आबा म्हणाले. "भरीत गार होतंय."

खात्याचा कार्यकारी अभियंता खांब क्रमांक तीनच्या पुढे हात पसरून उभा राहिला. "मॅडम, खांबाला हात लावायला परवानगी लागेल."

"हात नाही लावत. पट्ट्या बाजूला ठेवतोय."

"आणि ते किरण?"

"ते पूल बांधला तेव्हापासून येतायत."

"कुणाच्या परवानगीने?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. त्याने वहीत टिपून घेतलं.

तीन आठवड्यांनी फरहीनने समितीच्या खोलीत चित्र पडद्यावर टाकलं. खांब क्रमांक तीन आतून उकडलेल्या बटाट्यासारखा होता. एक सळई नाही. फक्त मधोमध एक चौकोन, दोन फूट बाय दीड. पातळ पत्रा, कडी, आणि कडीत कुलूप.

"बॉम्ब?" हिलाल आबांनी विचारलं.

"बॉम्बला कुलूप कोण लावतं, आबा?"

"सरकारी असेल तर लावतील."

मी चित्र घेऊन तडक गावी गेले. आप्पा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. मला वाटत होतं मी त्यांच्यासाठी पदक आणलंय.

"सळई नाही, आप्पा. एकही नाही. सोळा वर्षं तुम्ही खरं बोलत होतात."

आप्पांनी चष्मा पुसला, चित्र उन्हात धरलं. जिथे सळई नव्हती तिकडे त्यांनी पाहिलंच नाही. बोट सरळ पेटीवर ठेवलं.

"हा कोपरा चेपलेला आहे का?"

"हो. का?"

"धुळ्याच्या बदलीत ट्रकमधून पडली होती. तुझ्या आईच्या माहेरची पेटी."

मी शेंगांची टोपली बाजूला सरकवली. मोठी बातमी येते तेव्हा माणूस जागा करून देतो.

"आत काय आहे?"

"मोजमाप पुस्तक." आप्पांनी एक शेंग फोडली, दाणे खाल्ले नाहीत. "सही केली होती मी, माय."

मग त्यांनी सोळा वर्षांत पहिल्यांदा चौथं, पाचवं आणि सहावं वाक्य सांगितलं. सळई आलीच नव्हती. झाल्ट्यांची चिठ्ठी आली. 'महालेसाहेब, आज ओतून टाका. सळई मागाहून पाहू. दि. झाल्टे.' काँक्रीट ओतल्यावर सळई मागाहून कशी पाहतात हे विचारायची आप्पांची छाती झाली नाही. त्यांनी सही केली. तीन रात्री झोप आली नाही. चौथ्या दिवशी, खांबाचा पुढचा थर ओतायच्या आधी, त्यांनी पुस्तक पेटीत घातलं आणि पेटी खांबात सोडली.

"जाळून टाकायचं ना मग!"

आप्पा दुखावले. "मोजमाप पुस्तक 'अ' वर्गातलं असतं. कायम जतन करायचं. जाळणं गुन्हा आहे."

"म्हणून काँक्रीटमध्ये टाकलंत?"

"जतनच केलं ना. चिठ्ठीपण आहे. दुधाच्या पिशवीत गुंडाळून, पान चाळीसमध्ये."

माझा बाप खोटी सही करू शकत होता. अभिलेख नष्ट करू शकत नव्हता.

"मी एकशे चाळीस सभांत सांगितलंय की माझ्या बापाने सही केली नाही," मी म्हणाले. "टाळ्या घेतल्यात."

"चांगलं बोलायचीस," आप्पा म्हणाले.

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. राग काढायला चहात साखर घातली नाही. त्यांना मधुमेह आहे, त्यामुळे त्यांनी तक्रार केली नाही आणि तोही सूड वाया गेला.

इकडे चित्र वर्तमानपत्रांत आलं आणि लोकांना नाद लागला. जो तो फरहीनकडे पट्ट्या मागू लागला. एका गावी व्यायामशाळेच्या छतात सळईच्या जागी बांबू निघाले. एका पुतळ्याचा वर केलेला हात पोकळ निघाला, आणि त्यात कुणाचा तरी जेवणाचा डबा. वरपक्ष सोयरीक ठरवण्याआधी वधूपित्याच्या बंगल्याला पट्ट्या लावू लागले. हिलाल आबांनी आपल्या गावच्या पाण्याच्या टाकीखाली लावली. टाकी त्यांच्या सख्ख्या भावाने बांधली होती आणि तिच्या सावलीत गावाची बालवाडी भरायची. चित्र पाहिल्यावर आबांनी बालवाडी स्वतःच्या ओसरीवर आणली. पुढचा आठवडाभर ते समितीत भरिताबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

सरकारने लगेच पावलं उचलली. पूल व साकव खात्याचा शासन निर्णय निघाला. शासकीय वास्तूंच्या आरपार जाण्यापूर्वी संबंधित कणांनी अथवा त्यांच्या अधिकृत प्रतिनिधींनी सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी पूर्वपरवानगी घेणे बंधनकारक राहील. परवानगीशिवाय आलेल्या कणांनी दिलेली माहिती ग्राह्य धरली जाणार नाही. कार्यकारी अभियंत्याला बढती मिळाली.

म्हणजे खांब फोडता येणार नव्हता आणि चित्र चालणार नव्हतं. उरला बारावा प्रश्न. तो मंगळवारच्या यादीत पहिला लागला होता. शुक्रवारी झाल्ट्यांनी मला लॉबीत गाठलं.

"बेटा, किती दिवस चालवणार हे?"

"अधिवेशन तीन आठवड्यांचं आहे, भाऊसाहेब."

ते हसले. झाल्टे छान हसतात. पोस्टरवरही तेच हसू आहे. "मंगळवारी तुझा प्रश्न पुकारतील, तेव्हा तू जागेवर राहू नकोस. चहाला जा." प्रश्न पुकारल्यावर सदस्य उभा राहिला नाही की तो प्रश्न तिथेच मरतो. "बुधवारी काशिनाथरावांना पत्र येईल. पूर्णतः निर्दोष. माझ्या सहीचं. पान दोनशे चौदावर दुरुस्तीची पट्टी चिकटवून देतो. तुला तेच पान पाहिजे ना? ग्रंथपाल सांगत होता, दर महिन्याला पाहून जातेस म्हणून."

मला काय पाहिजे हे आजवर दोनच माणसांनी ओळखलं होतं. एक आई. दुसरा हा.

"आणि पेटी?"

"पेटी खांबात, खांब सरकारचा. राहू दे की. कुणाच्या पोटात दुखतंय?" आत काय आहे याची त्यांना कल्पना नव्हती. जायला वळले, थांबले, आणि आवाज मऊ करून म्हणाले, "वहिनींसारखे डुबुकवडे पुन्हा कुठे खाल्ले नाहीत बघ."

तोपर्यंत मी खरंच विचार करत होते. पट्टी घ्यावी, आप्पांना पत्र द्यावं, चहाला जावं. डुबुकवड्यांनी घात केला.

आप्पांना फोन लावला, सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शेंगा फुटण्याचा आवाज येत राहिला.

"पत्र घेतलं तर मी निर्दोष," आप्पा शेवटी म्हणाले. "मग तोही निर्दोष. म्हणजे पूल म्हशीने पाडला."

"मला त्याच्या तोंडून 'होय' पाहिजे, आप्पा."

"मग माझं नाव घे."

"काय?"

"मी ओळखतो त्याला. माझं वाईट बोलायची संधी आली की तो पूर्ण वाक्य ऐकत नाही. चौकशी अहवालाचंही त्याने शेवटचंच पान वाचलं होतं, माझं नाव होतं ते. तू सळई आधी घाल, मला शेवटी घाल. पुढचं तो स्वतः करेल."

"सगळ्यांसमोर तुम्ही कायमचे दोषी ठराल."

"आत्ता दोषी कोण आहे मग? फक्त यापुढे खऱ्या कारणासाठी राहीन." मग जरा थांबून, "आणि तुला एकशे चाळीस सभांचं लागलंय, ते मला कळतं. अळणी चहा कळला होता."

"बिनसाखरेचा, आप्पा."

"तेच ते."

मंगळवारी आप्पा प्रेक्षक गॅलरीत आले. कडक इस्त्रीचा बुशशर्ट घातला होता. दारावर सुरक्षारक्षकांनी त्यांचा फोन ठेवून घेतला, आणि खिशातली मोजपट्टीही, कारण ती कशासाठी आणली याचं आप्पांना समाधानकारक उत्तर देता आलं नाही. निवृत्तीचं वय उलटून बारा वर्षं झाली तरी ती त्यांच्या खिशात असते.

प्रश्न पुकारला गेला. मी उभी राहिले. झाल्ट्यांनी माझ्याकडे पाहिलं. चहाची वेळ टळली होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं पोस्टर उतरलं. छापील उत्तर सगळ्यांच्या हातात होतं. एक, हे खरे नाही, खांबात नियमाप्रमाणे सळई आहे. दोन, प्रश्न उद्भवत नाही. तीन, प्रश्न उद्भवत नाही.

"अध्यक्ष महोदय, माझा उपप्रश्न आहे," मी म्हणाले. मंत्र्यावर आरोप करायचा तर आधी नोटीस द्यावी लागते. स्वतःच्या बापावर करायला लागत नाही. "तिसगव्हाणच्या खांब क्रमांक तीनमध्ये एकही सळई नव्हती, आणि हे पक्कं माहीत असूनही सळई मोजली अशी खोटी सही उपअभियंता काशिनाथ महाले यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी केली, हे खरे आहे काय?"

आमच्या बाकांवरचे लोक माझ्याकडे बघत राहिले, जणू मी मध्येच पक्ष बदलला होता. झाल्टे अर्धे उठले होते ते पूर्ण उठले. सचिवाने मागून चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. त्यांचा चेहरा उजळला होता. सोळा वर्षं ज्याला हरवायचं होतं त्याची मुलगीच त्याला आणून पायाशी घालत होती.

"होय!" ते म्हणाले. "होय, हे खरे आहे."

सत्ताधारी बाकं वाजली. तीन-चार सेकंद वाजत राहिली. मग एकेक हात बाकावरून उचलला गेला, जसं ज्याला कळत गेलं तसं. शेवटी फक्त झाल्ट्यांचा स्वतःचा हात वाजत होता. तोही थांबला.

"मग अध्यक्ष महोदय," मी म्हणाले, "छापील उत्तरात सळई आहे आणि मंत्र्यांच्या उत्तरात नाही. मंत्रिमहोदयांना हे कधीपासून माहीत आहे?"

पुढचं दीड मिनिट काय झालं ते नीट सांगता येत नाही. आमचे लोक उठले, त्यांचे लोक उठले, मी बसले आणि पाणी प्यायले. झाल्टे सचिवाने पुढे केलेली चिठ्ठी आता वाचत होते. अध्यक्षांनी घंटा वाजवून निर्णय दिला. जी व्यक्ती सभागृहात उपस्थित नाही आणि स्वतःचा बचाव करू शकत नाही तिचं नाव घेऊन प्रश्न विचारला गेला आहे. सबब संपूर्ण प्रश्न आणि त्यावरचं संपूर्ण उत्तर कामकाजातून काढून टाकण्यात येत आहे.

"मी इथेच आहे!" गॅलरीतून आप्पा ओरडले. उभे राहिले होते. "आणि मला बचाव करायचा नाही!"

अध्यक्षांनी वर पाहिलंही नाही. "गॅलरीतील अभ्यागत सभागृहाच्या दृष्टीने उपस्थित नसतात."

अनुपस्थित आप्पांना दोन मार्शलनी दंडाला धरून बाहेर नेलं. सभागृहाचं प्रक्षेपण अडीच मिनिटं उशिरा जातं, तेवढ्यात यंत्र काढलेले शब्द पुसून टाकतं. लोकांना घरी दिसलं ते एवढंच. मी उठले, दृश्य हललं, आणि मी पाणी पीत होते.

आप्पा बाहेर पायऱ्यांवर बसले होते. मोजपट्टी परत मिळाली होती आणि ते पायरीची उंची मोजत होते.

"ऐकलंस ना?" त्यांनी विचारलं. "दोनदा म्हणाला. एक नुसतं 'होय', आणि मग पूर्ण."

"काढून टाकलं, आप्पा."

"म्हणजे मी पुन्हा सही केली नाही?"

"नाही. जुन्या नोंदीप्रमाणे तुम्ही निष्काळजी."

आप्पा हसायला लागले. इतके हसले की मार्शलने परत येऊन पाहिलं. मीही हसले. बाजूला आई बसली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. आप्पांनाही वाटलं असणार, कारण ते जरा सरकून बसले. मग त्यांनी पायरीची उंची सांगितली. दोन सेंटिमीटर जास्त होती.

झाल्टे अजून मंत्री आहेत. पण बुधवारी उपाहारगृहात वाढप्याने हिलाल आबांना विचारलं, "आबा, भाजी तिखट लागतेय का?" आबांनी झाल्ट्यांच्या टेबलाकडे पाहत, सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं, "होय, हे खरे आहे." गुरुवारी लिफ्टवाला म्हणाला. शुक्रवारी शोकप्रस्तावावर बोलताना एक ज्येष्ठ मंत्री म्हणाले, आणि सभागृहाला दुःखात असूनही खोकला आला. आता इमारतीत कुणी कुणाला साधं 'हो' म्हणत नाही. झाल्टे लाल होतात, पण तक्रार करू शकत नाहीत. करायची तर आधी हे शब्द आपण बोललो होतो असं लिहून द्यावं लागेल. ते डबा आणून आपल्या खोलीत एकटे जेवतात. सोबत डुबुकवडे नसतात. एवढं मी चौकशी करून घेतलं आहे.

माझं समाधान झालेलं नाही. म्हणून काल मी खालील अर्ज दिला. त्याला आवक क्रमांक मिळाला आहे.

*प्रति,*
*मा. सचिव, विधिमंडळ सचिवालय*

*विषय: काढून टाकलेले शब्द परत मिळणेबाबत.*

*महोदय,*

*उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, दिनांक १३ रोजी दुपारी १२.०७ वाजता सभागृहात न उच्चारलेले चार शब्द आपल्या कार्यालयाच्या ताब्यात आहेत. सदर शब्द शासनाच्या कोणत्याही उपयोगाचे राहिलेले नसल्याने ते जडवस्तू नोंदवहीतून निर्लेखित करून माझे वडील श्री. काशिनाथ महाले यांच्या स्वाधीन करण्यात यावेत. ते 'अ' वर्गाचे अभिलेख सांभाळण्यास सक्षम आहेत.*

*शब्द नेण्यासाठी पेटी आमची स्वतःची आहे. ती सध्या तिसगव्हाण पुलाच्या खांब क्रमांक तीनमध्ये ठेवलेली असून एक कोपरा चेपलेला आहे. तरी सदर खांब शासकीय खर्चाने फोडून पेटी काढून द्यावी. पेटी उघडतेवेळी मा. मंत्री, पूल व साकव यांनी जातीने हजर राहावे. पान चाळीसमध्ये त्यांच्या हस्ताक्षरातील एक चिठ्ठी आहे. ती त्यांना समक्ष, पोच घेऊन, परत करावयाची आहे.*

*खांब पुन्हा ओतण्यापूर्वी सळई मोजण्यात यावी, ही नम्र विनंती.*

*आपली विश्वासू,*
*क्षितिजा का. महाले*
*वि. स. स.*